मायक्रोब्लेडिंगचा कोर्स किती दिवसांचा असावा?

थ्रेडिंगमध्ये हात बसला असेल तर मायक्रोब्लेडिंग, म्हणजे बारीक ब्लेडने त्वचेत रंग भरून भुवईच्या केसांसारख्या रेघा काढणं, दोन-तीन दिवसांत शिकवतो, असं सांगणारे भरपूर भेटतील. शिकवतातही. मॅपिंग (भुवईचा आकार मोजून आखणं), ब्लेडचा कोन, पिगमेंटची निवड, लेटेक्सच्या नकली त्वचेवर सराव, शेवटच्या दिवशी एक लाइव्ह मॉडेल, फोटो, सर्टिफिकेट. एवढं त्यात खरंच बसतं.

बसत नाही ते भुवईची जखम भरून येणं. काम झाल्या झाल्या दिसतो तो रंग टिकणारा नसतो. काही दिवसांत बारीक खपली धरते, ती साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत गळते. मग रंग गेल्यासारखा वाटतो आणि हळूहळू पुन्हा दिसायला लागतो. नक्की काय उमटलंय ते कळायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे तीन दिवसांच्या कोर्समध्ये स्वतःच्या हातची एकही भरलेली भुवई तुम्ही बघत नाही, शिकवणारीही बघत नाही. ब्लेड फार वरवर चाललं तर रंग खपलीबरोबर निघून जातो. फार खोल गेलं तर रेघ पसरते, राखाडी-निळसर होते. दोन्हींत फरक मिलिमीटरच्या अंशाचा, आणि त्या दिवशीच्या फोटोत दोन्ही सुंदरच दिसतात! मला यानेच गाठलं. फोटोवर कौतुक झालं, आणि महिन्याने क्लायंट आली तेव्हा रेघांच्या जागी करडा पट्टा होता. कोर्स संपलेला, मॅडम फोन उचलेनात. तिच्यासमोर बसून काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

लेटेक्सला रक्त येत नाही, तेल सुटत नाही. तेलकट त्वचेवर हेअरस्ट्रोक, म्हणजे केसांसारख्या रेघा, लवकर धूसर होतात. तिथे मशीनने केलेलं पावडर शेडिंग (बारीक ठिपक्यांनी भरलेली छटा) बरं, पण ते वेगळं शिकावं लागतं.

घाबरून मागे फिरू नका मात्र. पार्लरमध्ये वर्षं काढलेल्या बाईला चेहऱ्याचा समतोल आधीच दिसतो, आणि तो कुठल्याही कोर्सला पटकन शिकवता येत नाही. हात सावकाश चालला तरी चालेल.

नुसते दिवस वाढवूनही उपयोग नाही. महिनाभर लेटेक्सच घासायला लावणारे क्लास आहेत, त्यांना मी शिक्षण म्हणत नाही. वर्ग पाच दिवसांचा असला तरी चालेल, पण सहा ते आठ आठवड्यांनी तेच मॉडेल टचअपला, म्हणजे राहिलेला रंग पुन्हा भरायला, बोलावून मॅडम शेजारी उभ्या राहणार असतील तरच घ्या. ऑनलाइन रेकॉर्डेड कोर्सवर ब्लेड हातात घेऊ नका, अजिबात नाही. काम रक्ताशी येतं, म्हणून हिपॅटायटिस बीची लसही आधीच सुरू करा. तिचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात.

फी भरण्याआधी एकाच भुवईचे तीन फोटो मागा: त्या दिवशीचा, सहा आठवड्यांनंतरचा, वर्षानंतरचा. नुसता पहिलाच आला तर ॲडव्हान्स देऊ नका.