विंडलासवर दोर घसरतो: बडोद्याहून निघण्याआधीची तयारी

बोट खंभातच्या आखातावरच्या दहेजकडे आणि मालक बडोद्यात, म्हणजे विंडलासचं (नांगर उचलणाऱ्या यंत्राचं) काम एका फेरीत उरकायला हवं. धक्क्यावर किती वेळ मिळणार ते पाणी ठरवतं, आणि साधी ॲलन की घरी राहिली तर पुन्हा काही तासांचा रस्ता. त्यामुळे निम्मं काम घरीच करून निघायचं. दोर घसरला की पहिला हात मोटारीला घालायची सवय असते, पण मोटार बहुतेक वेळा ठणठणीत असते. बिघाड दोरात, दोर दाबणाऱ्या स्प्रिंगमध्ये किंवा क्लचमध्ये सापडतो. तयारीही त्याच क्रमाने करावी.

आधी तारीख ठरवा. अमावस्या-पौर्णिमेला खंभातच्या आखातात उधाण असतं, भावनगरच्या बाजूला तर चढउतार दहा मीटरच्या पुढे जातो. अशा ओढीत नांगर वरखाली करून चाचणी घेणं म्हणजे मशीनवर अन्याय. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हाचा दिवस धरा.

मग बोटीवर जो राखणीला असेल त्याला फोनवर एक काम सांगा. जिप्सीवर, म्हणजे दोर-साखळी पकडणाऱ्या खाचांच्या चाकावर, आणि त्याच्या मधल्या शाफ्टच्या टोकावर ओळीत येईल अशी रंगाची एक रेघ मारायची. दुसरी खूण दोरावर, चाकाला लागूनच. नांगर उचलताना मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. चाक फिरतंय आणि दोर जागच्या जागी असेल तर पकड गेली आहे. शाफ्ट फिरतोय, चाक उभं आहे आणि रेघ तुटली, तर क्लच घसरतोय. काहीच फिरत नाही, नुसती घरघर येते किंवा ब्रेकर पडतो, तर वीज किंवा भार. या एका व्हिडिओवर निम्मी पिशवी ठरते.

पकड गेली असेल तर दोर काढून घरी आणवता आला तर उत्तम. जाडी व्हर्नियरने मोजू नका, दोर दबतो आणि आकडा खोटा येतो. पाइपवर दहा वेढे एकमेकांना चिकटून घ्या, रुंदी मोजा, दहाने भागा. 140 मिमी आली तर दोर 14 चा. 8 मिमी साखळीच्या जिप्सीला साधारण 12 ते 16 मिमीच्या दरम्यानचा दोर लागतो, पण तुमच्या चाकाचा नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेतूनच घ्यायचा. एका मापाने बारीक दोर हाताने ओढून पाहिला तर छान बसल्यासारखा वाटतो. भार आला की नायलॉन ताणतो, ताणला की आणखी बारीक होतो, आणि मग खाचेतून सुटतो. दुकानात किलोवर मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा रंगीत दोर स्वस्त पडतो, पण तो गुळगुळीत असतो, पाण्यावर तरंगतो आणि जिप्सीत धरत नाही. नायलॉनचाच घ्या, तीन पेडी मऊ वळणाचा किंवा आठ पेडी विणीचा.

जाडी बरोबर आहे आणि दोर काठीसारखा ताठ झालाय, तर मीठ आणि गाळ पेडांत बसला आहे. नर्मदा, तापी, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपला गाळ याच आखातात ओततात, आणि तो पिठासारखा बारीक असतो. दोर जाळीच्या पिशवीत भरून मोठ्या टबात कोमट गोड्या पाण्यात रात्रभर बुडवा, पाणी तीन-चार वेळा बदला, शेवटच्या पाण्यात सौम्य साबण आणि थोडं कपडे मऊ करायचं द्रावण. ब्लीच अजिबात नको. वाळवायचा गच्चीवर, पण सावलीत. बडोद्याचं ऊन नायलॉनला सोसत नाही. वाळल्यावर सगळा दोर हातातून सरकवत बघा. चकचकीत, कडक, काचेसारखा पट्टा लागला तर तिथे घसरण्याच्या उष्णतेने नायलॉन वितळला आहे, आणि तो धुऊन सुधारत नाही. असे पट्टे बहुधा नांगराकडच्या भागात असतात. बोटीकडचा भाग चांगला निघाला तर दोर उलटा करून वापरता येतो. मग साखळीची जोड नव्याने विणावी लागेल, म्हणून फिड (पेड उकलायची टोकदार दांडी), मेणदोरा, चिकटपट्टी आणि टोक वितळवायला लायटर घ्या. तीन पेडी दोराला किमान पाच पूर्ण गुंफणी आणि पुढे पेड बारीक करत दोन-तीन. फुगलेली जोड जिप्सीत उडी मारते, आणि लोक म्हणतात दोर घसरला.

मशीनवर तीन गोष्टी बघायच्या. दोर खाचेत दाबणारा हात बोटाने उचलून सोडा. तो झटक्यात परत आला पाहिजे. स्प्रिंग गंजली किंवा मरगळली असेल तर नवी लागेल, आणि ती मूळ कंपनीचीच मागवा, आठवडाभर आधी. हाताचा बुश झिजला असेल तर बडोद्यातल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळतो, नमुना सोबत न्या. दुसरं, खाचांमधल्या धारा. गोटीसारख्या गोल झाल्या असतील तर चाक बदलायचं, कानशीने धार काढायच्या भानगडीत पडू नये. तिसरी गोष्ट कोणी बघत नाही: दोर साठवायची खालची पेटी. चाकावरून सुटलेला दोर आपल्याच वजनाने खाली ओढला गेला तरच पकड टिकते. त्यासाठी डेकखाली किमान 300 मिमी मोकळी पडझड हवी. शेवटचे काही मीटर घसरत असतील तर पेटीत ढीग वर आला आहे, मशीन निर्दोष आहे.

क्लचसाठी त्याची दांडी, सर्क्लिप पक्कड, ॲलन कीचा संच, पितळी ब्रश आणि चिंध्या घ्या. क्लचचे कोन, म्हणजे एकमेकांत दाबून बसणारे शंकूच्या आकाराचे भाग, सोडून साफ करायचे. त्यांना ग्रीस लावायचं की कोरडे ठेवायचे हे कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून पुस्तिकेचं ते पान मोबाईलमध्ये ठेवा. सोडण्याआधी नांगर वेगळ्या दोराने खुंट्याला बांधा, मुख्य स्विच बंद करा आणि मशीनखाली जुनी चादर पसरा. शाफ्टच्या खाचेत बसणारी चावी (धातूची पट्टी) बोटभर असते, आणि ती पाण्यात पडली की त्या दिवसाचं काम संपलं.

विजेचं थोडक्यात: इंजिन चालू, नांगर उचलताना मोटारीच्याच टोकांवर मीटर धरा. 12 व्होल्टच्या मशीनला साडेदहाच्या खाली मिळत असेल तर लग (केबलच्या टोकाचे जोड) आणि केबल बघा. हात लावून गरम लागणारी जोड हीच दोषी. दोन-तीन तांब्याचे लग आणि क्रिंपर पिशवीत असू द्या.

ड्रमवर हाताने दोर ओढणाऱ्यांसाठी एक हिशेब. घर्षणांक 0.2 धरला तर एका वेढ्याला पकड साडेतीन पट, तीन वेढ्यांना सुमारे 43 पट. शेपटाला दहा किलोची ओढ दिली की पलीकडे चारशेवर किलो धरले जातात. गाळाने घर्षणांक निम्मा झाला तर तेच तीन वेढे जेमतेम साडेसहा पट देतात, म्हणजे 65 किलो. म्हणून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बादली आणि ताठ ब्रश हवेतच. दोर येतायेता धुवायचा, चौथा वेढा नंतर. वेढे घालताना हातमोजे घट्ट असावेत, आणि सैल बाहीचा सदरा घालू नये.

आणि दोर पुरेसा लांब आहे ना, तेही आत्ताच मोजा. ओहोटीला चार मीटर पाणी, वर आठ मीटर भरती आणि एक मीटर नाळेची उंची धरली तर 13 मीटर. सातपट सोडायचा म्हटलं तर 91. साखळी दहाच मीटर असेल तर उरलेला सगळा भार दोरावर, म्हणजे याच पकडीवर येतो. उचलताना बोट इंजिनने नांगराच्या डोक्यावर आणा, विंडलासने बोट ओढू नका. नांगर चिखलात रुतला असेल तर साखळी अडकवणीत (डेकवर साखळी धरून ठेवणाऱ्या खिट्टीत) टाका, बोटीच्या हेलकाव्याने तो सुटू द्या, मग बटण दाबा.

चाचणीला पूर्ण लांबी एकदा सोडून एकदा उचला आणि रंगाच्या खुणा जिथल्या तिथे आहेत का बघा. दर दहा मीटरला दोरात रंगीत दोरा ओवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर विचारल्यावर "कितव्या खुणेला घसरला" हे तरी कळेल.