गेटपासचं मॅन पेज दुरुस्त करताना

आमच्या मॅन पेजमधल्या (युनिक्सच्या मदतपानातल्या) उदाहरणात गेटपास (टर्मिनलवर पासवर्ड विचारणारं सी फंक्शन) दोनदा बोलावून दोन्ही पासवर्ड स्ट्रकंपने (मजकूर ताडणाऱ्या फंक्शनने) ताडले होते. काहीही टाइप करा, उत्तर 'जुळला'! कारण गेटपास दर वेळी त्याच स्टॅटिक बफरचा (मेमरीतल्या एकाच ठरावीक जागेचा) पत्ता देतं. दुसरा पासवर्ड पहिल्यावरच लिहिला जातो. शिवाय पॉझिक्सने (युनिक्सच्या मानकाने) गेटपास २००१ मध्येच वगळलंय.

उदाहरण रीडपासफ्रेज या पर्यायी फंक्शनवर नेलं: दोन वेगळे बफर, दर वेळी नल (वाचन फसल्याची खूण) तपासायचं, शेवटी एक्सप्लिसिट-बीझीरोने बफर पुसायचे (साधं मेमसेट अनावश्यक समजून कंपायलर वगळू शकतो). १२८ बाइटच्या बफरमध्ये पासवर्डचे १२७ बाइटच येतात, त्यापुढे टाइप केलेले गुपचूप टाकले जातात. हेही पेजवर लिहिलं. टर्मिनल नसेल तर रीडपासफ्रेज स्टँडर्ड इनपुट वाचतं, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या व्यवस्थेत) हे नडतं. तिथे आरपीपी-रिक्वायर-टीटीवाय फ्लॅग (टर्मिनल हवंच, असं सांगणारा) द्या. लिनक्सवर रीडपासफ्रेजसाठी लिबबीएसडी ही लायब्ररी जोडावी लागते.