सीएमएस निवडताना या चुका टाळा

‘ओपन सोर्स आहे ना, मग काळजी कसली?’ सीएमएस, म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर टाकायचं-बदलायचं सॉफ्टवेअर, निवडताना वेबसाइट करून घ्यायला येणाऱ्या संस्थांकडून हे मी आजही ऐकतो. ओपन सोर्स लायसन्समुळे कोड तुमच्या हाती येतो, तो वापरता-बदलता येतो. पण अपडेट कुठून येणार, नावावर हक्क कोणाचा, उद्या बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार, हे त्यात नसतं. गाडी अडते ती तिथेच.

वर्डप्रेस या सीएमएसचंच बघा. लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड कोणीही वापरा, बदला, वाटा; त्याबद्दल तक्रार नाही. तरीही सप्टेंबर २०२४मध्ये सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात ट्रेडमार्कवरून जुंपली, आणि त्या कंपनीकडे असलेल्या साइट्सना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारे अपडेट बंद झाले. १२ ऑक्टोबरला तर वीस लाखांहून जास्त साइट्सवर चालणाऱ्या, त्याच कंपनीच्या ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या प्लगइनच्या (जोड-सॉफ्टवेअरच्या) जागी तिथे ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ आलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन हे मागे घ्यायला लावलं. तोवर ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचा जीव टांगणीला. म्हणून अपडेटचा सर्व्हर आणि ट्रेडमार्क कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी शोधा. अपडेट अडकलंच, तर प्लगइन बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून झिप फाइल घेऊन हाताने चढवता येते. ती वाट माहीत असू द्या.

कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) दिसतो म्हणजे तो ओपन सोर्सच, हा समजही महागात पडतो. डायरेक्टस हे सीएमएस २०२३मध्ये जीपीएल सोडून बिझनेस सोर्स लायसन्सवर गेलं, ज्यात कोड दिसतो पण वापरावर अटी असतात. ५० लाख डॉलरहून मोठी उलाढाल असलेल्यांना पैसे मोजणं आलं. स्ट्रॅपी या सीएमएसमध्ये मुख्य भाग एमआयटी या मोकळ्या लायसन्सचा, पण ‘ईई’ (एंटरप्राइझ एडिशन) फोल्डरचं लायसन्स वेगळं. लायसन्सची फाइल स्वतः उघडा, वेबसाइटवरच्या जाहिरातीवर जाऊ नका.

सीएमएसमागची कम्युनिटी मोजताना डाउनलोडचे आकडे बघू नका, गेल्या वर्षभरात कोड कोणी लिहिला ते बघा. २००५मध्ये माम्बो या सीएमएसचे मुख्य डेव्हलपर एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी जुमला हे नवं सीएमएस उभं केलं. जीपीएलमुळे कोड त्यांच्यासोबत गेला, माम्बोकडे नाव उरलं.

जुनी आवृत्तीही किती दिवस चालणार ते विचारा. ड्रुपल या सीएमएसच्या सातव्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ला संपला, आणि तिथून पुढच्या ड्रुपलवर जाणं म्हणजे साइट जवळपास नव्याने बांधणं.

मजकूर घेऊन दुसरीकडे जायची, म्हणजे बाहेर पडायची वाट मात्र आम्हीच एकदा तपासली नव्हती. एका वाचनालयाची साइट हलवली आणि मराठी लेखांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. नवीन डेटाबेसमधले टेबल लॅटिन-१चे होते; या कॅरेक्टर सेटमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरी बसत नाही. अक्षरं फ्रेंच वळणाची, विचित्र दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत असतो, कॅरेक्टर सेट सुधारून परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हं टेबलात उतरली की त्या प्रतीतून तो गेला. आमच्याकडे जुना बॅकअप होता म्हणून निभावलं. तुम्ही निवड पक्की करण्याआधी वीस लेख एक्स्पोर्ट करून दुसऱ्या होस्टिंगवर उतरवा, टेबल यूटीएफ८एमबी४ (देवनागरी सामावणारा कॅरेक्टर सेट) आहेत ना ते पाहा, आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द मुद्दाम वाचा. हा ऱ्या मोडलेला दिसला, तर करार थांबवा.