एका दाबात नोंदवही: नोटपॅडला शॉर्टकट आणि छोटी स्क्रिप्ट कशी जोडावी

फोन कानाला लावलेला असतो, पलीकडचा माणूस वीजबिलाचा ग्राहक क्रमांक सांगू लागतो, आणि आपण डॉक्युमेंट्स, त्यातला फोल्डर, त्याच्या पोटातला आणखी एक फोल्डर असं करत नोंदींची फाइल शोधत बसतो. तोवर निम्मे आकडे निसटतात. मग मिळेल त्या कागदावर लिहायचं, किंवा नवं कोरं नोटपॅड उघडून त्यात. महिन्याभराने तो आकडा कुठे लिहिला होता, हे काही केल्या सापडत नाही.

माझं ठाम मत आहे की नोंदवही हाताशी असेल तरच माणूस ती वापरतो. त्यासाठी महागडं ॲप घ्यायची गरज नाही. विंडोजच्या १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून सोबत असलेलं नोटपॅड त्यासाठी पुरेसं आहे. त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता तेवढा आखडता करायचा.

आधी फाइल नीट बनवा

नोटपॅड उघडून एक फाइल डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करा. आत मराठीत हवं ते लिहा, पण फाइलचं आणि फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. त्याचं कारण पुढे स्क्रिप्टच्या वेळी कळेल.

सेव्ह करताना खाली एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवायची याची चौकट दिसते. तिथे यूटीएफ-८ हवं. विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८मध्येच ठेवतं. त्याहून जुन्या संगणकावर मात्र ते एएनएसआय ही जुनी पद्धत निवडतं, आणि त्यात सेव्ह केलेल्या देवनागरी मजकुराची नुसती प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह करताना नोटपॅड तसा इशारा देतं, पण घाईत आपण ओके दाबून मोकळे होतो. एकदा प्रश्नचिन्हं झाली की तो मजकूर परत येत नाही, म्हणून इथे दोन सेकंद थांबाच.

आता नोटपॅडची एक जुनी, फारशी कुणाला ठाऊक नसलेली सोय. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत, आधी स्पेस न सोडता, एक टिंब द्या आणि त्याला लागून एल, ओ, जी ही तीन अक्षरं कॅपिटलमध्ये लिहा. सेव्ह करून फाइल बंद करा आणि पुन्हा उघडा. मजकुराच्या शेवटी त्या क्षणाची वेळ आणि तारीख आपोआप आलेली दिसेल. यापुढे फाइल उघडाल तेव्हा दर वेळी असा शिक्का पडेल. कुणाशी कधी बोलणं झालं, तक्रार कोणत्या दिवशी नोंदवली, हे लक्षात ठेवायचं कामच उरत नाही. फाइल आधीपासून उघडी असेल तर एफ५ दाबा, कर्सर असेल तिथे तारीख-वेळ उमटते. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन कीसुद्धा सोबत दाबावी लागते.

मग फाइलला कीबोर्डवरची कळ द्या

१. फाइलवर राइट क्लिक करून सेंड टूमधून डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवा. विंडोज ११मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जावं लागतं.

२. डेस्कटॉपवरच्या त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा.

३. ‘शॉर्टकट की’ नावाच्या चौकटीत क्लिक करून एकच अक्षर दाबा, समजा एन. कंट्रोल आणि ऑल्ट विंडोज स्वतःच जोडतं.

४. ओके करा आणि कंट्रोल, ऑल्ट, एन एकत्र दाबून बघा.

ब्राउझर चालू असो की एक्सेल, फाइल समोर येते. कधी कधी क्षणभर उशीर लागतो, तेव्हा घाईने पुन्हा पुन्हा दाबू नका. हा शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूच्या फोल्डरमध्येच असला पाहिजे. पसारा आवरताना तो दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकलला की कळ चालेनाशी होते, आणि बिघाड कुठे झाला ते उमगत नाही.

अक्षर निवडताना आपल्याकडे एक गोष्ट पाहावी लागते. इंग्लिश इंडिया कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट आणि ४ मिळून ₹ उमटतं. ती जोडी नोंदवहीला दिलीत तर रुपयाचं चिन्ह टाइप करायला जाल आणि नोटपॅड उघडेल. म्हणून आकडे सोडा, अक्षर घ्या.

एकाच वेळी तीन फाइली हव्या असतील तर

सकाळी कामाला बसताना नोंदवही, आजची कामं आणि फोन नंबरांची यादी अशा तिन्ही फाइली एकदम उघडायच्या असतील, तर नोटपॅडमध्येच छोटी बॅच फाइल, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल लिहा. स्क्रिप्ट म्हटलं की बरेच जण बिचकतात, पण इथे एका फाइलसाठी एक ओळ एवढाच मामला आहे.

ओळीची सुरुवात स्टार्ट या इंग्रजी शब्दाने करा. मग स्पेस, मग दुहेरी अवतरणचिन्हांची रिकामी जोडी, पुन्हा स्पेस, आणि शेवटी दुहेरी अवतरणांत फाइलचा पूर्ण पत्ता. ती रिकामी जोडी निरर्थक वाटते, म्हणून लोक ती गाळतात. पण स्टार्ट ही आज्ञा अवतरणांतला पहिला मजकूर खिडकीचं नाव समजते. जोडी गाळली तर तुमच्या फाइलचा पत्ताच नाव म्हणून घेतला जातो. मग त्या नावाची एक काळी खिडकी उघडते आणि फाइल काही उघडत नाही.

पत्ता हाताने टाइप करू नका. शिफ्ट दाबून फाइलवर राइट क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ निवडा. पत्ता अवतरणांसकट कॉपी होतो. तिन्ही फाइलींसाठी अशा तीन ओळी लिहा. सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ घ्या आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन बी, ए, टी ही अक्षरं लिहा. ‘ऑल फाइल्स’ घेतलं नाही तर शेपटाला टीएक्सटी चिकटतं आणि स्क्रिप्ट साधी मजकुराची फाइल होऊन बसते.

नावं इंग्रजी अक्षरांत ठेवायला सांगितलं ते याच्यासाठी. बॅच फाइल वाचणारा कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे तीच ती काळी खिडकी, सहसा जुन्या कोडपेजने (देवनागरी नसलेल्या अक्षरसंचाने) अक्षरं वाचतो. पत्त्यात देवनागरी असली की त्याला फाइल सापडत नाही.

या बॅच फाइलचाही डेस्कटॉपवर शॉर्टकट करून वरच्यासारखीच कळ द्या. प्रॉपर्टीजमधल्या ‘रन’ या चौकटीत ‘मिनिमाइज्ड’ निवडलंत तर काळी खिडकी डोळ्यांसमोर चमकून जाणार नाही.

कंट्रोल-ऑल्टची सक्ती नको असेल किंवा डेस्कटॉपवर चिन्हांची गर्दी नको असेल, तर कळांना हवी ती कामं नेमून देणारं ऑटोहॉटकी हे मोफत साधन आहे. त्याच्या स्क्रिप्टमध्ये कंट्रोलसाठी सहाच्या कीवरचं टोकदार चिन्ह, ऑल्टसाठी उद्गारचिन्ह आणि विंडोज कीसाठी हॅश लिहितात. त्यापुढे अक्षर, दोन कोलन, रन हा शब्द आणि अवतरणांत पत्ता. पण ऑफिसच्या संगणकावर ते टाकण्याआधी परवानगी घ्या, बऱ्याच ठिकाणी बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नाही.

फाइलच्या आतही रस्ता हवा

चार-सहा महिन्यांत फाइल लांबलचक होते. तेव्हा प्रत्येक नोंदीच्या आधी ठरावीक खूण लावायची सवय उपयोगी पडते: @बिल, @दवाखाना, @शाळा. कंट्रोल-एफ दाबून @दवाखाना शोधा, एफ३ने पुढच्या नोंदीवर जा. नुसतं ‘दवाखाना’ शोधलं तर तो शब्द जिथे जिथे सहज लिहिला असेल तिथे तिथे थांबावं लागेल. @मुळे फक्त खऱ्या नोंदी लागतात. खूण दर वेळी तंतोतंत तशीच लिहा. एकदा @बिल आणि एकदा @बिले केलंत, तर @बिले शोधताना @बिलच्या नोंदी सुटतील. सगळ्यात खाली जायला कंट्रोल आणि एंड.

पासवर्ड, एटीएमचा पिन, बँकेचे तपशील या फाइलीत अजिबात ठेवू नका. साध्या मजकुराच्या फाइलीला कुलूप नसतं, आणि आपण तर ती एका दाबात उघडेल अशी करून ठेवली आहे. संगणकासमोरून उठताना विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा.