पार्ट बदलले आणि कॉम्प्युटर सुरूच होईना

आधी बटण दाबून पंखा फिरतो का ते बघा. पंखा हलतच नसेल तर एसएमपीएसचा (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) मागचा स्विच, मदरबोर्डचा २४ पिनांचा कनेक्टर आणि पॉवर बटणाची दोन पिनांची वायर तपासा. ही बारीक वायर एक पिन सरकून बसली तरी सगळं ठप्प.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? प्रोसेसरशेजारचा ४ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टर बहुतेक वेळा राहून गेलेला असतो. ग्राफिक्स कार्ड टाकलं असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावा.

तरीही जमलं नाही तर रॅम. प्लग काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा, मग रॅम काढा. आपल्या सोलापुरात यंत्रमागाजवळच्या घरांत सुताचे बारीक तंतू स्लॉटमध्ये जाऊन बसतात; ते कोरड्या मऊ ब्रशने काढा, तोंडाने फुंकर नको, थुंकीची ओल जाते. रॅमची एकच पट्टी परत लावा, दोन्ही बाजूंनी ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा घ्या. डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार) असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, घाईने बंद करू नका.

नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसवलाय? पिना बसल्या म्हणून तो चालेलच असं नाही. बायोस (बोर्डावरचं, कॉम्प्युटर सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत त्या प्रोसेसरपुढे लिहिलेली बायोस आवृत्ती बघा.