आपत्तीत परभाषिक वस्त्यांपर्यंत पोचताना या चुका टाळा

पत्रक छापलं की तयारी झाली, हा समज काही केल्या जात नाही.

अमेरिकेत सिअ‍ॅटल परिसरात जानेवारी 1993 च्या वादळात वीज गेली. कडाक्याच्या थंडीत लोकांनी बार्बेक्यूचा कोळसा घरात पेटवला आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. कोळशामुळे बाधा झालेली बहुतेक माणसं स्थलांतरित वस्त्यांतली, त्यातल्या अनेकांना इंग्रजी येत नव्हतं. डिसेंबर 2006 मध्ये पुन्हा वादळ, पुन्हा तोच कोळसा. तिथल्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर अनेक भाषांत इशारा छापला, पण माणसं दगावल्यावर. तेरा वर्षं हाताशी होती!

नुसतं ‘घरात कोळसा जाळू नका’ सांगून भागत नाही. धूर वाईट हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. निखारा लाल झाला, धूर थांबला, की शेगडी आत आणायची ही जुनी सवय, आणि घात तिथेच होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून ‘धूर नसला तरी’ हे शब्द हवेतच. जनरेटर दारं-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब. घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी बाहेर पडायचं, मग 911 (अमेरिकेतला आणीबाणीचा फोन नंबर) लावायचा. आणि उबेसाठी कुठे जायचं तो पत्ता त्याच कागदावर द्या, नाहीतर गारठलेला माणूस शेगडीच पेटवणार.

दुसरी चूक यंत्राच्या भाषांतराची. जानेवारी 2021 मध्ये व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर ‘लशीची सक्ती नाही’चं स्पॅनिशमध्ये ‘लशीची गरज नाही’ झालं. घाईची कामं अशीच होतात. मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून ते भाषांतर परत मूळ भाषेत आणून घ्या, आणि दोन्ही मजकूर ताडून पाहा. मग वस्तीतल्या पाच जणांना वाचून दाखवा आणि ‘समजलं का?’ न विचारता ‘आता काय कराल?’ विचारा.

लहान मुलांना दुभाषी करू नका. ग्वाटेमालाहून आलेल्या प्रत्येकाला स्पॅनिश येतं असं धरू नका. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माया लोकांच्या भाषा बोलणारेही असतात. निवाऱ्याच्या दारात ओळखपत्र मागू नका.

भाषा जमली तरी विश्वास उरतोच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सोमाली कुटुंबांत दोन वर्षांच्या मुलांचं गोवर लसीकरण 2004 मध्ये 92 टक्के होतं, 2014 मध्ये 42 टक्क्यांवर आलं. कारण लशीमुळे ऑटिझम होतो ही खोटी भीती. 2017 मध्ये साथ आलीच. त्यांच्यातले इमाम, परिचारिका यांच्याशी ओळख साथीआधी हवी.

मुलांकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आजी-आजोबांना एवढं शिकवाच: 911 लावून फक्त ‘मराठी’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा नाही.