पॉवर मीटरचे वॅट आणि आपले झोल: या चुका टाळा

दर रविवारी पहाटे नरिमन पॉइंटला सायकलवरच्या चहावाल्यापाशी आमचा ग्रुप थांबतो आणि दर रविवारी कोणीतरी एक जण हेड युनिट, म्हणजे हँडलवरचा छोटा कॉम्प्युटर, माझ्या नाकासमोर धरून विचारतो, "दादा, माझा पॉवर मीटर वीस वॅट कमी दाखवतोय ना?" (पॉवर मीटर म्हणजे पेडल मारताना आपण किती वॅट ताकद लावतो ते मोजणारं यंत्र.) मी विचारतो, निघायच्या आधी झिरो केलंस का, म्हणजे पेडलवर काहीच जोर नसताना मीटरला 'हे शून्य' असं शिकवलंस का? मग साहेब चहात बघायला लागतात. चाळीस-पन्नास हजार मोजून घेतलेली वस्तू, आणि तिचं माहितीपत्रक अजून डब्यात, प्लास्टिकसकट.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. मीटरला तुमचा घाम दिसत नाही. क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा), स्पायडर (क्रँकला पुढचं दातेरी चाक जोडणारा भाग), पेडलचा आस किंवा मागच्या चाकाच्या हबच्या आत स्ट्रेन गेज नावाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, जोर लावला की धातू डोळ्याला दिसणारही नाही इतका वाकतो, पट्टीचा रोध बदलतो, त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर काढतात आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. १९८६ साली जर्मनीत उलरिख शोबेररने एसआरएम ही पॉवर मीटरची कंपनी सुरू केली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. डब्यावर लिहिलेली १ किंवा २ टक्के चूक ही नीट बसवलेल्या, झिरो केलेल्या मीटरची असते. आणि २५० वॅटला २ टक्के म्हणजे ५ वॅट इकडे किंवा तिकडे, त्यामुळे "काल २४७, आज २५१, फॉर्म आला" म्हणणाऱ्याच्या चहाचे पैसे मी भरत नाही.

झिरो न करणं, किंवा नको तेव्हा करणं

हा माझा सगळ्यात नावडता लोचा, कारण मी स्वतः त्यात तोंडावर आपटलोय. मार्च महिना होता, आम्ही तिघं पहाटे चारला गाडीत सायकली टाकून खोपोलीला गेलो, जुन्या रस्त्याने बोर घाट चढायचा होता. एसी फुल्ल, कारण पुढे बसलेल्या मित्राला गरम होतं. खोपोलीला उतरलो, चाक लावलं, लगेच झिरो मारला आणि सुटलो. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापर्यंत येईतो दम चांगला लागलेला, हार्ट रेट १६५, आणि वॅट बघतो तर नेहमीपेक्षा तीसने कमी. मला वाटलं पाय गेले. मग काय, आकडा गाठायचा म्हणून अजून जोर लावला, अजून लावला, आणि देवळाच्या पायरीवर अक्षरशः बसलो, पोटात कालवाकालव, बाटली रिकामी. मित्राने शिंगरोबाला नाणं टाकलं, मी तिथेच सगळे पाय टाकले. बसल्या बसल्या सहज परत झिरो केला तर ऑफसेटचा आकडा (झिरो करताना मीटर दाखवतो तो) सकाळच्या आकड्यापासून कुठच्या कुठे गेलेला. गार क्रँकवर झिरो केला होता, नंतर तो उन्हात आणि चढावर तापला, आणि माझ्या त्या जुन्या मीटरचं तापमान सांभाळून घेणं यथातथाच होतं. नवा झिरो घेऊन निघालो तर वॅट जाग्यावर. पाय मात्र गेले ते गेलेच.

किती फरक पडतो ते बघा. ९० कॅडेन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलचे ९० फेरे असताना, टॉर्क १ न्यूटन मीटर चुकला की साधारण साडेनऊ वॅट चुकतात. जोरात २५० ने मारत असाल तर चालून जातं, पण आरामात १२० ने फिरत असाल तर तीच चूक जवळजवळ ८ टक्के होते. मीटर फक्त डाव्या क्रँकवर असेल तर चूक दुप्पट, कारण तिथे आकडाच दुप्पट करून दाखवतात.

आता तो वीस वॅटवाला. त्याला म्हटलं, करून दाखव कसा करतोस. पठ्ठ्याने एक पाय जमिनीवर, दुसरा पेडलमध्ये अडकवलेला, पेडल पुढे आडवं, आणि बटण दाबलं. अरे बाबा, दोन किलो वजन जरी त्या पेडलवर विसावलं तरी १७० मिलिमीटरच्या क्रँकवर ते ३ न्यूटन मीटरच्या वर जातं! मीटर त्यालाच शून्य समजणार. काही मीटर असला आकडा नाकारतात, काही गुपचूप घेतात.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. सायकल घराबाहेर काढून पॅसेजमध्ये ठेवायची, मग बाटल्या भरायच्या, हवा भरायची, बूट शोधायचे, यात पंधरा-वीस मिनिटं जातातच, तेवढ्यात क्रँक बाहेरच्या तापमानाला येतो. मग पेडल चार-पाच वेळा उलटं फिरवायचं, सायकल सरळ उभी, दोन्ही पेडल रिकामी, क्रँक खाली सरळ, आणि झिरो. जो आकडा येतो तो मोबाइलमध्ये लिहून ठेवतो, बायको हसते. पण रोज आसपास येणारा आकडा एखाद दिवशी एकदम उडी मारतो तेव्हा कळतं की काहीतरी ढिलं आहे नाहीतर क्रँक कुठेतरी आपटलाय. लांबच्या राइडला नाश्त्याच्या थांब्यानंतर परत एकदा करतो, दहा सेकंद लागतात. ज्यांना दहा सेकंद नाहीत त्यांनी घड्याळ लावून फिरावं, मीटर विकून टाकावा.

डावा पाय म्हणजेच मी

एका बाजूचा मीटर स्वस्त पडतो, मीही तोच घेतला होता. त्यात डाव्या पायाचे वॅट मोजून दुप्पट केले जातात, म्हणजे दोन्ही पाय सारखे आहेत असं गृहीत. माझा डावा घोटा एकदा मुरगळून महिनाभर बांधलेला होता, त्यानंतर तो पाय कामचोर झाला, ते मला माहीतच नव्हतं. पुढे दोन्ही बाजूंची पेडल्स घेतली आणि पहिल्याच टेस्टला १८४ वॅटचे २०० झाले! आनंदात सगळ्यांना दादरला मिसळ खाऊ घातली. पुढच्या आठवड्यात ठाण्याजवळचा येऊरचा चढ मारला तर वेळ तोच, दोन-चार सेकंदांचा फरक. मग पेडलचा डावा-उजवा आकडा बघितला, ४६-५४. म्हणजे खरे २०० असताना डावा ९२ देत होता आणि जुना मीटर १८४ दाखवत होता. एक वॅटही वाढला नव्हता. एक मित्र अजून विचारतो, मिसळीचे पैसे परत देऊ का.

एका बाजूचा मीटर वाईट नाही, स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडून बघायला चालतो. पण दमल्यावर, जोर वाढल्यावर दोन पायांचा वाटा बदलतो, तेव्हा त्यावरून दुसऱ्याशी पैज लावू नका.

बाकीच्या, थोडक्यात

पेडल मीटर असेल तर ॲपमध्ये क्रँकची लांबी बघा. १६५ चा क्रँक आणि सेटिंग १७२.५ असेल तर साडेचार टक्के फुकटात मिळतात, २२० चे २३०. सेकंडहँड घेतलेल्यांनी तर आजच बघा. लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते.

ट्रेनर (घरात सायकल बसवून चालवायचं यंत्र) वेगळं दाखवतो म्हणून बोंब मारू नका. चेन आणि गिअरमध्ये काही टक्के जातात, त्यामुळे मागे मोजणारा थोडा कमीच दाखवणार. तो जास्त दाखवत असेल तर मात्र शोधा. टायरला रोलर लावायचा ट्रेनर असेल तर दहा मिनिटं गरम करून मग स्पिन-डाऊन, म्हणजे चाक जोरात फिरवून सोडायचं आणि ते किती वेळात थांबतं त्यावरून ट्रेनर स्वतःला जुळवून घेतो.

अंडाकृती चेनरिंगवर (पुढच्या दातेरी चाकावर) बरेच मीटर जास्त दाखवतात. खूश होऊ नका.

मीटर नसताना ॲप जे वॅट दाखवतं तो अंदाज आहे, वेग आणि चढावरून काढलेला. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर पाठीमागून वारा आला की सगळेच चॅम्पियन.

शंका आली तर घाटावर तपासा, मी वर्षातून दोनदा करतो. सायकल, बाटल्या, बूट धरून एकूण वजन ८० किलो, आणि १०० मीटर उंची ६ मिनिटांत चढलात, तर नुसतं गुरुत्वाकर्षणाला २१८ वॅट लागतात. वारा, टायर, चेन यांचं वर. पाठीत वारा नसताना मीटर २०० दाखवत असेल तर मीटर चुकतोय, यात वाद नाही. वजन मात्र खरं धरा, लग्नाआधीचं नको.

आणि पावसाळा. मुंबईत अर्धे "मीटर बिघडला" वाले निघतात बॅटरीवाले. आकडे मध्येच गायब, मध्येच ०, मग ९००. झाकण उघडलं की आत पाण्याचा थेंब आणि सीआर २०३२ या बटण सेलवर हिरवट बुरशीसारखा थर. झाकणाची रबरी रिंग पुसून, नीट खाचेत बसवून बंद करा, सेल बदलला की परत झिरो करा. मागच्या जुलैत एकाने मीटर दुरुस्तीला पाठवायला खोक्यात भरला होता, मी टपरीवरून नवा सेल आणून घातला, चालू. खोकं अजून त्याच्याकडे आहे, त्यात तो आता जुन्या ट्यूब ठेवतो.